माझ्यावर मारलेला शेरा

"पोरगी वाईट नाही गं. पण तिच्या कौतुकावर भरवसा कसा ठेवायचा? काल माझ्या बटाट्यांना 'अमेझिंग' म्हणाली. उकडलेले होते, नुसते उकडलेले!"

डोरीन आयव्हसन स्वयंपाकघरात आपल्या थोरल्या बहिणीला, एडनाला, हे सांगत होत्या. त्यांची नवी सून फीबी तेव्हा जिन्यात होती. खाली येता येता ती थांबली आणि आल्या पावली वर गेली. तिने मला छातीशी धरलं होतं, म्हणून ते वाक्य माझ्याही कानावर पडलं.

मी एक बरणी बोलतेय. काचेची, वीतभर उंच, तोंड रुंद, पण बहुतेक वेळ बंद. त्यामुळे मला ऐकायची सवय जास्त. फीबीचंही तसंच आहे. फरक इतकाच, की ती गप्प बसली तर लोकांना वाटतं तिला राग आलाय, आणि मी गप्प बसले तर कुणाला काही वाटत नाही.

माझा जन्म काचेच्या कारखान्यात झाला. अंग अजून कोमट असतानाच मला दुसऱ्या कारखान्यात नेलं आणि माझ्यात व्हिनेगरमधले कांदे भरले. भरणाऱ्या यंत्राला हात नव्हते, तरी माझ्या पोटावर लेबल चिकटलं ते 'हँडक्राफ्टेड' असं. त्याखाली 'लक्झरी', त्याखाली 'फाइनेस्ट' आणि सगळ्यात खाली, मुंगीएवढ्या अक्षरात, 'कांदे'.

हे शब्द लिहिणारी फीबीच. लंडनमधल्या एका कचेरीत तिचं कामच ते होतं. माल कुणाचाही असो, तो असामान्य आहे हे सांगणारा इंग्रजी शब्द शोधून द्यायचा. काम वाटतं तितकं सोपं नाही. 'गुड' हा शब्द तिच्या जन्माआधीच मेला होता. 'सुपर' लहान मुलांच्या औषधावर गेला. 'लक्झरी' शौचालयातल्या कागदावर जाऊन बसला, त्यानंतर त्याला लोणच्यावर लावताना तिचा हात अडखळायचा. कचेरीत मोठमोठ्याने बोलणारी माणसं पुष्कळ होती, पण शब्द अडला की सगळे तिच्या टेबलाशी यायचे. ती खिडकीबाहेर बघायची आणि हळूच म्हणायची, "एक्स्क्विझिट?" मग सगळे आनंदाने परत जायचे आणि कुणाच्या तरी कुत्र्याचं खाणं एक्स्क्विझिट व्हायचं.

मी तिच्या टेबलावर नमुना म्हणून आले. कांदे संपल्यावर माझ्यात पेन्सिली आल्या. जूनमध्ये तिचं रॉब आयव्हसनशी लग्न झालं, तेव्हा पेन्सिली गेल्या, हेअरपिना आल्या, आणि आम्ही दोघी उत्तरेला यॉर्कशरच्या डोंगरात, थॉर्नबेक नावाच्या गावात सासरी आलो.

इथे मेंढ्या खूप आणि शब्द कमी. जे आहेत तेही जपून वापरतात. लग्नाच्या दिवशी फीबी पांढऱ्या झग्यात उतरली तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "थंडी नाही ना वाजणार त्यात?" सासऱ्यांनी, वॉल्टरनी, जेवणं झाल्यावर उठून भाषण केलं. "पाऊस आला नाही," ते म्हणाले आणि बसले. पाहुण्यांमधल्या दोन म्हाताऱ्यांनी डोळे पुसले.

फीबीला वाटलं, आपण ह्यांना आवडलो नाही. म्हणून ती जास्तच कौतुक करू लागली. चहा 'ब्रिलियंट', कोकरू 'गॉर्जस', बटाटे 'अमेझिंग'. तिच्या माहेरी हे शब्द म्हणजे आत शिरताना पाय पुसायचं पायपुसणं. इथे प्रत्येक शब्दाला घरातली माणसं दचकायची. वॉल्टर तर एकदा चहाच्या कपात डोकावून बघत होते, आत काय पडलंय म्हणून.

जिन्यातल्या त्या वाक्यानंतर ती बोलायचीच कमी झाली.

"मग म्हणायचं तरी काय?" तिने नवऱ्याला विचारलं.

"नॉट बॅड म्हण."

"म्हणजे बरंय? बरंय तर काहीही असतं रे. बसची वेळ बरी असते."

"इथे त्याच्या वर काही नाही," रॉब बूट काढता काढता म्हणाला. "आईच्या जॅमला तीस वर्षं पहिलं बक्षीस मिळतंय आणि तीस वर्षं तोच शेरा मिळतोय. नॉट बॅड. तिने ती सगळी कार्डं कपाटाच्या आतल्या बाजूला लावलीत. रोज साखर काढताना बघते."

सप्टेंबरात गावाची जत्रा असते. मेंढे, गाजरं, विणलेले मोजे, जॅम, सगळ्यांची स्पर्धा. सासूबाईंचा जॅम डॅमसनचा असायचा. डॅमसन म्हणजे सुपारीएवढं, काळसर जांभळं, कच्चं खाल्लं तर कान हलवील इतकं आंबट फळ. त्या वर्षी झाड ओथंबलं आणि बरण्या कमी पडल्या.

"त्या तुझ्या बरणीत काय असतं?" सासूबाईंनी विचारलं.

"हेअरपिना."

"हं."

एवढ्यावर फीबीने पिना रुमालात ओतल्या आणि मला खाली आणून दिलं. मागितलं कुणी नव्हतं, दिलंही बोलून नव्हतं. लग्नानंतर त्या दोघींमध्ये झालेली ती पहिली सरळ देवाणघेवाण असावी.

स्पर्धेचा नियम असा, की काचेवर किंवा झाकणावर कुठल्याही कंपनीचं नाव दिसता कामा नये. मला कोमट पाण्यात बुडवून ठेवलं. लक्झरी सुटली, फाइनेस्ट सुटलं, शेवटी कांदे सुटले. लग्नात फीबीचंही आडनाव असंच एका दुपारीत सुटलं होतं. तिला कसं वाटलं ते तिने सांगितलं नाही. मला मात्र गार वाटलं.

मग सासूबाईंनी मोठं पितळी पातेलं काढलं. ते त्यांच्या आजीचं. जत्रेच्या आधी त्या पातेल्याजवळ कुणी बोलत नाही. रस खदखदायला लागला की बिया वर येतात, त्या झाऱ्याने एकेक टिपायच्या. मग गार बशीत एक थेंब टाकायचा आणि बोटाने ढकलायचा. थेंबावर सुरकुती पडली तर जॅम झाला. सासूबाईंनी थेंब ढकलला. सुरकुती पडली. त्यांच्या स्वतःच्या कपाळावरची त्याच वेळी गेली.

तो जॅम माझ्यात उतरला तेव्हा जे वाटलं, त्यासाठी माझ्याकडेही शब्द नाही. कांदे असताना मी कधी उजेडाकडे तोंड करून बसले नव्हते. आता खिडकीत ठेवल्यावर माझ्यातून जांभळा उजेड पडायला लागला आणि मांजर त्यात येऊन झोपलं.

आता जत्रेच्या तंबूतली रीत सांगायला हवी. परीक्षक नेहमी पलीकडच्या दरीतून आणायचा, कारण ह्या दरीत सगळे एकमेकांचे कुणीतरी लागतात. जॅम-लोणच्यांच्या परीक्षक मिसेस ऑल्डरसन. त्या चाखताना बोलत नाहीत. लांब हुंकार दिला की पहिलं बक्षीस, आखूड दिला की दुसरं, नुसता श्वास सोडला की तिसरं. मागून चालणाऱ्या मदतनिसाने त्यावरून कार्ड भरायचं आणि शेराही लिहायचा. हे काम वर्षानुवर्षं मिस रॉ करायच्या. ह्या वर्षी त्यांच्या खुब्याचं ऑपरेशन झालेलं.

"आमच्या सुनेला घ्या," सासूबाईच म्हणाल्या होत्या. "तिला लिहिता येतं. बोलत तर नाहीच ती हल्ली."

बरण्यांवर नाव नसतं, नुसता आकडा. सगळ्यांच्या डोक्यावर एकसारखी कापडी टोपी. फीबी माझ्यासमोर आली, माझ्याकडे बघितलं आणि तिने मला ओळखलं नाही. तिच्या पिना मी इतके दिवस सांभाळल्या. असो. टोपीत मी वेगळी दिसत असेन.

मिसेस ऑल्डरसननी माझी टोपी काढली, चमचा बुडवला, तोंडात घातला. आणि हुंकार आलाच नाही. त्यांनी डोळे मिटले. मग त्यांनी जे केलं ते त्या तंबूत आजवर कुणी केलं नव्हतं. त्यांनी दुसरा चमचा घेतला. तो संपवून त्या बाकड्यावर बसल्या, हातानेच खूण केली, पहिलं हेच, आणि पर्समधून रुमाल काढला.

फीबीने पहिल्या बक्षिसाचं लाल कार्ड हातात घेतलं. शेऱ्याच्या ओळीपाशी पेन थांबलं. तिने एक चमचा स्वतःही चाखला. मी तिच्या चेहऱ्याकडे बघत होते. इतकी वर्षं कुत्र्याच्या खाण्यासाठी, पायपुसण्यांसाठी, व्हिनेगरमधल्या कांद्यांसाठी जो शब्द तिने कधी बाहेर काढला नव्हता, कचेरीत तिघांनी मागूनही दिला नव्हता, तो तिने त्या दिवशी लिहिला, दिव्य अशा अर्थाचा. 'सब्लाइम.'

एकच शब्द. खाली रेघ नाही, उद्गारचिन्ह नाही. तिने कार्ड मला टेकवून उभं केलं आणि पुढच्या मोहरीच्या लोणच्याकडे गेली.

तंबू उघडल्यावर माणसं आत आली आणि माझ्यापुढे येऊन गप्प झाली. आधी वाटलं, आदराने. पण मार्जरी थ्वेट, जिला तीस वर्षं दुसरं बक्षीस मिळत आलंय, ती कार्ड वाचून हळूच म्हणाली, "अरे देवा. काय झालं असेल?"

"बुरशी असेल," कुणीतरी म्हणालं.

"बुरशी असती तर बुरशी लिहिलं असतं. हे टोचून लिहिलंय."

"पण बक्षीस पहिलंच आहे की."

"तेच तर! वर टोमणा म्हणून."

सासूबाई आल्या. त्यांनी कार्ड वाचलं. त्यांचा चेहरा हळूहळू त्या कार्डासारखा झाला. मार्जरीने त्यांच्या हातावर हात ठेवला. "धीर धर, डोरीन. आपण सगळ्यांनी कधी ना कधी जास्त शिजवलंय."

फीबी लांबून धावत येत होती, चेहरा फुललेला, कारण तिला आत्ताच कळलं होतं ही बरणी कुणाची. ती पोचली तेव्हा सासूबाई मला कोटाखाली झाकून तंबूबाहेर पडल्या होत्या.

दुसऱ्या दिवसापासून गाव भेटायला येऊ लागलं. इथे कुणाकडे मयत झालं की शेजारी तयार जेवण आणून देतात, म्हणजे घरच्यांना चूल पेटवावी लागू नये. तशी जेवणं आली. मटणाचा पाय, बटाट्याचं कॅसरोल, परत एक मटणाचा पाय. आणणारे दारातच टोपी काढून उभे राहायचे. पाद्रीबुवाही आले. चहा घेत म्हणाले, "तो शब्द मी फक्त देवासाठी वापरतो. तोही नाताळात. डोरीन, कुणी तुमच्यावर विश्वास ठेवो न ठेवो, त्याला सगळं दिसतं."

वॉल्टर मेंढ्यांकडे गेले आणि अंधार पडेपर्यंत मेंढ्यांकडेच राहिले.

फीबी सासूबाईंसमोर उभी राहिली. "मला खरंच तसं म्हणायचं होतं. कौतुक म्हणून. सगळ्यात मोठं."

"हो गं बाळा," सासूबाई म्हणाल्या. "बटाट्यांचंही केलं होतंस ना."

त्या स्वरात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

त्या संध्याकाळी सासूबाईंनी पितळी पातेलं घासून दाराशी ठेवलं. यापुढे जॅम नाही. शनिवारी चर्चमध्ये जुन्या सामानाची विक्री होती, त्यात पातेलं जाणार. मार्जरीने येता जाता दोनदा त्याच्या कडा चाचपून पाहिल्या, सहज. आणि रॉब झोपायच्या खोलीत मोजे घालत बायकोला म्हणाला, "थोडे दिवस आईकडे जाऊन येतेस का? तुझ्या आईकडे. हे जरा निवेपर्यंत."

"कधी निवेल?"

"बॅरी आजोबांच्या डुकराला लोक 'डौलदार' म्हणाले होते, ते अजून निवलेलं नाही. आणि डुक्कर जाऊन किती वर्षं झाली."

फीबीने बॅग काढली. माझ्या जागेवर आता पिनांचा रुमाल होता, तो तिने आत टाकला. मी खाली स्वयंपाकघरात होते, भरलेली. मला कुणी विचारलं नाही.

गुरुवारी दुपारी जत्रेची कमिटी घरी आली. शेरा बदलायचा असा ठराव होता. कार्डावर काय लिहावं ते ठरलं, तर डोरीन पातेलं परत घेईल अशी आशा. अध्यक्ष मिस्टर प्रॅट, पाद्रीबुवा, मार्जरी, एडना, आणि खुब्यावर उशी घेऊन मिस रॉ. टेबलाच्या मधोमध मी. बाजूला ब्रेड, लोणी, चहा. फीबी भिंतीपाशी उभी, बॅग दाराजवळ, पाच वाजताच्या गाडीने जायचं होतं.

"मी मिसेस ऑल्डरसनना फोन केला," मिस्टर प्रॅट म्हणाले. "विचारलं, तुम्हाला नक्की काय म्हणायचं होतं? तर म्हणाल्या, मी काहीच म्हटलेलं नाही. आणि ठेवला."

"नेहमीचं 'नॉट बॅड'च लिहा," एडना म्हणाली.

"आता नाही चालणार. 'सब्लाइम' खोडून 'नॉट बॅड' लिहिलं तर लोकांना वाटेल, उतरवलं."

"मग 'सॅटिस्फॅक्टरी'?"

"तो शब्द ह्या गावाने एकदाच वापरलाय," मिस रॉ म्हणाल्या. "महायुद्ध संपलं तेव्हा."

"'खाण्याजोगा'?" पाद्रीबुवांनी सुचवलं.

"हे बघा, उगाच चढवू नका मला," सासूबाई म्हणाल्या.

"थोडा चाखून बघू या का?" मिस्टर प्रॅट म्हणाले. "म्हणजे शब्द नीट सापडेल."

चाखला. मिस्टर प्रॅटनी पुन्हा चाखला, कारण पहिल्यांदा त्यांचं लक्ष नव्हतं. मिस रॉंनी ब्रेडवर लावून पाहिला, कारण ब्रेडबरोबर शब्द वेगळा सुचू शकतो. पाद्रीबुवांनी बिनब्रेडचा पाहिला. मार्जरी म्हणाली, तिला दुसऱ्या बक्षिसाच्या दृष्टीने तुलना करायला हवी, आणि ती तुलना बराच वेळ चालली. 'ठाकठीक' आला आणि गेला. 'निर्दोष' आला, पण त्यात कोर्टाचा वास येतो म्हणून गेला. मी हलकी होत चालले होते. असं वाटत होतं, हे लोक शब्द शोधत नाहीयेत, शब्द सापडू नये म्हणून धडपडतायत.

शेवटी माझ्या तळाशी एक चमचाभर उरला. आणि सगळे थांबले.

कारण इथे शेवटचं कुणी घेत नाही. ताटातला शेवटचा तुकडा, किटलीतला शेवटचा चहा, शेवटचा चमचा, जो घेईल तो वाईट वळणाचा. मी अशा घरांतले शेवटचे केक वाळून दगड झालेले पाहिलेत.

"घ्या ना मिस्टर प्रॅट."

"छे छे, माझं झालं. मिस रॉ, तुम्ही?"

"मला डॉक्टरांनी... नको. मार्जरी घेईल."

"मी? नाही बाई. पाद्रीबुवांना द्या."

"माझ्यापेक्षा गरजू कुणी असेल," पाद्रीबुवा म्हणाले आणि माझ्याकडे बघत राहिले.

पाचही जण माझ्याकडे बघत राहिले. ठराव, शेरा, पातेलं, कुणाला काही आठवेना. सासूबाई मान खाली घालून टेबलक्लॉथची घडी सरळ करत होत्या. ती सरळच होती.

तेव्हा फीबी भिंतीपासून सुटली. तिने गाडीकडे निघायचा कोट घातलेला होता. ती टेबलाशी आली, कुणाचीही परवानगी न घेता मला उचललं आणि चमचा घातला. शेवटचा चमचा तिने तोंडात टाकला. एडनाच्या घशातून बारीक आवाज आला. एवढ्यावर ती थांबली नाही. तिने बाही वर सारली, बोट माझ्या आत घातलं आणि खांद्यापासून तळापर्यंत, जिथे चमचा पोचत नाही तिथून, गोल गोल फिरवत मला निपटून घेतलं. मग ते बोट चाटलं. मग परत घातलं.

माझ्या पोटावर बाहेरून पुष्कळ शब्द चिकटले आणि सुटले. आतून असं कुणी मला पुसलं नव्हतं. आज मी रिकामी आहे, ओशट आहे, माझ्या काचेवर एका सुनेच्या बोटाचे जांभळे वळसे आहेत. माझी एवढीच विनंती आहे, की मला इतक्यात धुऊ नका, आणि धुतलंच तर पुन्हा कांदे भरू नका.

मार्जरीने पहिल्यांदाच पातेल्याकडे बघायचं सोडलं. मिस्टर प्रॅटचं पेन कागदावर टेकून राहिलं होतं आणि शाईचा ठिपका मोठा होत होता. सासूबाईंनी मान वर केली. सून कोटावर सांडलेला थेंबसुद्धा नखाने खरवडून चाटत होती, ओठ जांभळे, नाकाचा शेंडा जांभळा. सासूबाई उठल्या. त्यांच्या तोंडाच्या एका कोपऱ्याला काहीतरी होत होतं, ते त्या दातांनी धरून ठेवत होत्या.

"फीबी!" त्या म्हणाल्या.

फीबीने मला टेबलावर ठेवलं, जरा जोरातच.

"ओरडायचं असेल तर नंतर ओरडा," ती म्हणाली. "आधी दुसरी बरणी उघडा."